पेटीले न जमलेलं गाणं

सरक इकडं, पोरी, अशी जवळ बस. जवळ कुठची, तू तं फोनवर. म्हणून लिहून धाडून राह्यली. आजीले कोणी असं इचारते का, की कोणत्या प्रकारचं गाणं वाजवाले सगळ्यात कठीण? घरी येऊन इचाराव. तू तिकडं शहरात कीबोर्ड शिकते, फी भरून. मी पेटी शिकली रेडिओसमोर बसून, भाकरी करपवून.

गवळण सोपी. भारूड अवघड, कारण गाणारी मधातच बोलत बसते आन् आपण भाता हालवत वाट पाहाची. कव्वालीत बोटं वाकडी होतात. पण सगळ्यात कठीण मले तुह्या मायच्या हळदीत सापडलं.

आपल्यात हळद जात्यावर गाणं म्हणत दळल्याबिगर नवरीले लागत नाही. गाणार माह्या सासूबाई, आत्याबाई म्हणतो आम्ही त्याईले. मीनं ठरवलं, यंदा पेटीची साथ. तीन दिवस त्याईले पांढरी चारचा सूर दिला. त्या म्हणत, "हाव."

हळदीच्या दिवशी पहिली ओळ बरी गेली. मंग त्याईनं जात्यात हळदीची मूठ टाकली. जातं जड झालं, तशी चाल लांबली. मी पुढं, त्या मांगं. हळद सरली, जातं हलकं झालं, तं त्या पुढं आन् सूरही वर. मीनं साऱ्या बायांदेखत म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही सूर सोडून राह्यल्या."

त्याईनं जात्याचा खुंटा सोडला. "तुह्या पेटीलेच सांग दळाले," म्हणे.

तुही माय पाटावर बसलेली, कोरडी. एका बाईनं पुड्यातली हळद लावाचं सुचवलं. आत्याबाई म्हणे, "लावा." भांडल्या असत्या तं बरं होतं.

मीनं पेटी बंद केली, त्याईच्या समोर बसली आन् खुंटा धरला. जरा वेळानं त्याईचाही हात खुंट्यावर आला. दोघींनी ओढलं. जातं जड झालं की माहा हात मंदावे, तिथंच त्याईची ओळ लांबे. गाणं जात्याच्या दगडात होतं, मी तीन दिवस पेटीत शोधून राह्यली होती.

हळद झाल्यावर त्या एवढंच म्हणे, "आता सुरात आली तू."

पेटी अजून आहे. भजनाले नेते. जात्याजवळ नेत नाही.

आता आत्याबाईच्या हातात जोर नाही, माहाही खांदा आखडला. जातं एकटीनं फिरत नाही, आन् ते फिरल्याबिगर त्याईले ओळी आठवत नाहीत. परवा नुसतं बसून गाणं म्हणाले लावलं, तं दुसऱ्या ओळीवर थांबल्या, भिंतीकडं पाह्यलं आन् चहा मागतला. तुह्या मायले तं सुट्टी भेटत नाही म्हणे.

तं पोरी, दिवाळीची वाट नको पाहू. मोताळ्याची गाडी धर आन् ये. कीबोर्ड तिकडंच ठेव, दोन्ही हात रिकामे पाह्यजेत.