सीट पुढे घेतली की पेटणारा दिवा

उस्तादांना सगळे उस्ताद म्हणायचे ते त्यांच्या कानांमुळे. बॉनेट न उघडता, नुसतं चालू गाडीशेजारी उभं राहून ते सांगायचे, बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय. पण साठी जवळ आली आणि तेच कान दगा देऊ लागले. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. गिऱ्हाईक काही बोललं की हसून मान डोलवायची, झालं. मग एकदा आवाज ओळखण्यात चूक झाली, धडधाकट इंजिन विनाकारण खोललं गेलं, आणि तेव्हापासून ते इंजिनाच्या वाऱ्यालाही उभे राहीनात. मागच्या खोलीत बसून जुने नटबोल्ट निवडत राहायचे. गॅरेज आता लेक चालवत होती. "बाबा, एकदा कान दाखवून येऊ," असं ती म्हणाली, की मात्र ते नेमकं ऐकूच यायचं नाही.

एके सकाळी शाळेत खेळ शिकवणाऱ्या एक बाई गाडी घेऊन आल्या. ठेंगण्याशा, चटपटीत, एका दमात चार वाक्यं बोलणाऱ्या.

"एअरबॅगचा दिवा छळतोय हो," त्या लेकीला म्हणाल्या. "एका ठिकाणी सीटखालचा सेन्सर नवा बसवला, तरी येरे माझ्या मागल्या. आणि गंमत बघा, आमचे हे चालवतात तेव्हा दिवा बंद. मी बसले की पेटला! गाडीलासुद्धा तेच आवडतात."

हसल्या खऱ्या, पण पुढे म्हणाल्या, "मी स्टिअरिंगला अगदी चिकटून बसते. धडक बसली आणि एअरबॅग भलतीच फुगली तर? भीतीने महिनाभर गाडीला हात लावला नाही, आज इथवर कशीबशी आणली. कुठे जायचं तर यांच्या सवडीने."

भीती खोटी नव्हती. सीट किती पुढे आहे हे तो सेन्सर गाडीला सांगतो, आणि त्यावरून एअरबॅग किती जोरात फुगवायची ते गाडी ठरवते.

लेकीने स्कॅनर लावला. सीटच्या सेन्सरकडून मध्येच काही कळेनासं होतं, एवढी जुनी नोंद दिसली. खाली वाकून बघता यावं म्हणून तिने सीट मागे सरकवली, तर सगळं ठीक. सेन्सर ठीक, जोड ठीक, वायर ठीक. तिने हात टेकले आणि मागच्या खोलीत जाऊन वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, यात ऐकण्यासारखं काही नाही. नुसतं बघायचंय. चला ना."

उस्ताद कुरकुरत उठले. बाई त्यांना सारं पुन्हा सांगू लागल्या, पण गाडीत डोकावून, पाठमोऱ्या. उस्तादांची मान सवयीने डोलायला लागली आणि मध्येच थांबली.

"बाई, जरा माझ्याकडे तोंड करून बोला," ते म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

लेक बघतच राहिली. बाईंनी काहीच विशेष घडलं नसल्यासारखं वळून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"तुम्ही रोज बसता तशाच बसा," उस्ताद म्हणाले. "सीट तुमच्या मापाची घ्या."

बाईंनी सीट पार पुढे ओढली. दिवा पेटला.

"अगं, तपासायला आपण सगळेच आधी सीट मागे ढकलतो," ते लेकीला म्हणाले. "आजार पुढे गेल्यावरचा, आणि आपण नाडी बघतोय मागे."

ते मागच्या बाजूने आत शिरून सीटखाली आडवे झाले. तिथून लेकीचं बोलणं कळणं शक्यच नव्हतं. म्हणून ठरलं, स्कॅनरवर आकडा हलला की तिने त्यांच्या घोट्यावर टिचकी मारायची. ते बोटांच्या चिमटीत वायर धरून इंचाइंचाने पुढे सरकले. एका जागी वायर ताणून, सीट ज्यावर सरकते त्या रुळाच्या कडेला टेकली होती, तिला धरून ठेवणारी क्लिप तुटली होती. वरचं आवरण शाबूत, पण चिमटीत ती जागा लुळी लागली. हलकेच वाकवली. घोट्यावर टिचकी. सोडली. पुन्हा टिचकी.

"सापडली!" सीटखालून आवाज आला.

एअरबॅगच्या वायरिंगशी घाई करायची नसते. त्यांनी इग्निशन बंद करून बॅटरीची वायर काढली आणि साठलेला करंट उतरेपर्यंत चहा मागवला. मग सीटखालच्या वायरचा खराब तुकडा कापला. आतली तांब्याची तार खरंच तुटली होती. थोडा लांब नवा तुकडा जोडला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवून गरम करून घट्ट बसवली, आणि नव्या क्लिपने वायर रुळापासून दूर बांधली. बॅटरी जोडून लेकीने जुनी नोंद पुसली. बाईंनी सीट पुढे घेतली, मागे नेली, पुन्हा पुढे घेतली. दिवा पेटला नाही.

"आता आमच्या ह्यांना म्हणावं, बस पकडा," बाई म्हणाल्या आणि दणक्यात गाडी काढून गेल्या.

लेक हात पुसत उस्तादांच्या समोर आली. "मघाशी बाईंना तुम्ही सांगितलंत..."

"सांगितलं खरं. बाईंना त्याचं काही वाटलंसुद्धा नाही गं. मीच उगाच बाऊ करत होतो." मग म्हणाले, "त्या कानाच्या डॉक्टरला उद्या वेळ आहे का विचार."

तिने लगेच फोन काढला. तेवढ्यात बाहेर एक गाडी येऊन थांबली. तिची मागची काच अर्ध्यावर अडकली होती. उस्तादांनी टॉर्च उचलला आणि आपणहून तिकडे निघाले.