दुखण्यापुरते कपडे

आमच्या गल्लीच्या तोंडाशी काकूंचं शिवणाचं दुकान आहे. काका, म्हणजे त्यांचे यजमान, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. असंच एकदा काम करताना ते शिडीवरून पडले आणि उजवा हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. एकही सदरा अंगात शिरेना. मग काका दिवसभर चादर गुंडाळून बसायचे आणि दार वाजलं की आतल्या खोलीत पळायचे. मित्र आले की काका आतूनच काकूंना म्हणायचे, "झोपलेत म्हणून सांग!" तेही इतक्या मोठ्यानं, की मित्रांना ऐकू जायचं.

एका सकाळी काकूंनी कपाटातून त्यांचा निळा सदरा काढला आणि बाहीपासून काखेखालून थेट कमरेपर्यंत कात्री चालवली.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? चांगला सदरा आहे तो!"

"चांगला आहे म्हणूनच कापला. फाटका घालून गॅलरीत बसला असतात का?"

कापलेल्या कडांना त्यांनी लहान मुलांच्या बुटांना असते तसली, चर्रकन उघडणारी पट्टी लावली. हात न हलवता सदरा अंगावर बसला. त्या संध्याकाळी काका गॅलरीत बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला स्वतःहून हाका मारू लागले.

हात बरा झाला. खांदा पूर्वीसारखा वर जाईना, पण काका कामाला लागले. तोवर काकूंनी कापून शिवलेले असे चारपाच सदरे घडी होऊन पडले होते. काकांचा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी ते उलगडून पाहिले. "माझ्या एका पेशंटला महिनाभर द्याल?" त्यांनी विचारलं. ते गेले, धुऊन परत आले, दुसरीकडे गेले. काकूंच्या मनानं तिथेच घेतलं. दुखणं काही जन्माचं नसतं, मग त्याचे कपडे जन्मभरासाठी कशाला विकत घ्यायचे? दरमहा वर्गणी भरा, कपडे न्या, बरं वाटत जाईल तसे बदलून घ्या. आधी पूर्ण उघडणारे, मग मोठ्या बटणांचे, आणि मग आपले नेहमीचे.

धाकट्या जाऊबाईंनी नाक मुरडलं. "वहिनी, लोकांचं आजारपण घरात आणताय तुम्ही."

"आजारपण नाही गं, कपडे. आजारपण त्यांच्याकडेच राहतं."

बरं चाललं होतं, तोच कपडे नेलेल्या एका बाईच्या अंगावर पुरळ उठलं. ते औषधामुळे होतं, असं तिच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण तोवर व्हायचा तो बभ्रा झाला होता. दुकानाच्या कडीला परत केलेल्या कपड्यांच्या पिशव्या लटकू लागल्या. पिशव्या ठेवणारे आत यायचेसुद्धा नाहीत. काका म्हणाले, "जाऊ दे. पडदे शीव, पँटी शीव, पूर्वीसारखं."

काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी हमाल बोलावला, मागच्या मोरीतलं कपडे धुण्याचं यंत्र उचलून पुढे काचेआड, रस्त्याच्या तोंडावर बसवलं आणि शेजारी बाक टाकला. "ज्याला शंका आहे त्यानं इथे बसावं. कढत पाणी, साबण, इस्त्री, सगळं समोर." लोक हसले. गल्लीत नवा सिनेमा लागलाय म्हणाले. पण बाकावर बसलेही. हळूहळू पिशव्या उलट्या दिशेनं जायला लागल्या.

त्याच सुमारास एक बँडमास्तर आले. अर्धांगवायूनं डावी बाजू गेली होती. मुलीनं चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं.

"दुसऱ्यानं घातलेलं मी घालत नाही," मास्तरांनी बजावलं.

"दवाखान्यातली खाट तुम्ही कोरी करकरीत मागवली होती का?" काकूंनी विचारलं.

मुलीनं तोंड फिरवलं, हसू लपवायला. मास्तरांनी टांगलेल्या सदऱ्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "मला सदरा नकोय. कोट हवाय. वाजवणाऱ्यांसमोर मी कोटाशिवाय उभा राहत नाही."

कोट काकूंनी कधी शिवला नव्हता. अस्तर, भरणी, ताठ गळपट्टी; उघडायचा कुठून? पहिला बिघडला, दुसरा खांद्यावर बसेना. तिसरा पाठीतून उघडला आणि समोरून कुणाला कळलंही नाही. तो चढवून मास्तर तालमीला गेले आणि बसल्या बसल्या उजव्या हातानं बँड चालवला. परत आले ते कोट विकत मागायलाच.

"विकायचा नाही," काकू म्हणाल्या. "पुढच्याला काय देऊ? हवे तितके महिने वापरा, पण परत करायचाय हे लक्षात ठेवा."

"आणि बरा झालोच नाही तर?"

"तर वर्गणी भरत राहा. पण रोज हात हलवायचा."

मास्तर पूर्ण बरे झाले नाहीत. पण वर्षभरानं काठी टेकत, चालत आले. आपल्या घरच्या जुन्या कोटाची बटणं त्यांनी दोन्ही हातांनी लावली. डावी बोटं नुसती कापड धरायचं काम करत होती. दुकानातली गिऱ्हाइकं थांबून राहिली, मदतीला कुणी पुढे झालं नाही. शेवटचं बटण लागल्यावर मास्तरांनी पाठीतून उघडणाऱ्या कोटाची काखेतली पिशवी काकूंपुढे ठेवली. "घ्या. पुढच्याला द्या."

काकूंनी मान डोलावली, पिशवी घेतली आणि रांगेतल्या बाईकडे वळल्या. तिच्या मुलीच्या दोन्ही पायांना लोखंडी चौकटी बसवल्या होत्या आणि शाळा सुरू व्हायला आली होती.

"गणवेशाचं असं काही मिळेल का?" बाईनं भीत भीत विचारलं.

"माझ्याकडे नाही," काकू म्हणाल्या आणि गळ्यातली टेप काढून मुलीसमोर खाली बसल्या. "अजून नाही. पाय इकडे कर बरं, बाळा."