दुसरं बोलावणं

कॅलिफोर्नियात सनीव्हेलहून समुद्राकडे जाताना वाटेत रस्ता बंद निघाला. पावसानं डोंगराच्या कडेचा भाग खाली आला होता. मुलानं गाडी थांबवली आणि ओल्या मातीचा, तुटलेल्या मुळांचा वास आत आला. "आई, विंडो लाव ना, वास येतोय," तो म्हणाला. मी लावली नाही.

हाच मुलगा तेव्हा, गावी सासरी असताना, माझ्या कडेवर होता. नागपंचमीला मी माहेरी निघाले होते. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. घरातले पुरुष मुंबईत कामाला होते. थोरली जाऊ पडवीतल्या जमिनीची भेग शेणामातीनं बुजवत होती. आदल्या दिवशी बुजवलेली भेग पुन्हा उघडली होती. मागचा डोंगर सरकतोय, हे आम्हाला कुठलं कळायला? भेग दिसली की सारवायची, एवढंच माहीत.

तिला माहेर उरलं नव्हतं. मी म्हटलं, "जाऊबाई, तुम्हीपण चला."

"मी कशाला गं? तुझी आई म्हणेल, एक बोलावली तर दोन आल्या." ती हसली आणि तिनं शेणाचं बोट पोराच्या गालाला लावलं.

मला एसटी गाठायची होती. मी निघाले.

दुसऱ्या दिवशी डोंगर घरावर आला. जाऊ सापडलीच नाही.

लोक नशीब म्हणतात. मला पटत नाही. आमच्याकडे पहिल्या बोलावण्याला कुणी हो म्हणत नसे. दुसऱ्यांदा म्हटलं की उठायचं. हसता हसता तिनं हात धुवायला तांब्या जवळ ओढला होता. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.