बेन म्हणजे आतली खोली

हडपसरच्या एका कंपनीत मी बरीच वर्षं परक्या माणसांचे फोन ऐकले. ब्रिटनमधल्या वीजबिलांच्या तक्रारी असायच्या. स्कॉटलंडहून फोन आला की टीममधली मुलं हेडफोन काढून माझ्याकडे बघायची. ती बोली इंग्रजीसारखी वाटायची आणि इंग्रजी म्हणून कळायची नाही. मला मात्र कळायची, आणि आवडायचीही. शेवटी नोकरी सोडली आणि तिथल्याच एका विद्यापीठात घरबसल्या एम.ए.ला नाव घातलं. विषय होता स्कॉटलंडचा इतिहास, संस्कृती आणि भाषा. याचा उपयोग काय, असं नात्यातल्या सगळ्यांनी एकेकदा विचारून घेतलं. आईने विचारलं नाही.

आई माझ्याकडे, कर्वेनगरला राहायची. ती मूळची भंडाऱ्याकडची, लग्न होऊन नारायण पेठेत आली. आल्या आल्या तिच्या तोंडून 'पानी' ऐकून आत्याने शांतपणे विचारलं होतं, "वहिनी, तुमच्याकडे ण मिळत नाही का?" सगळे हसले. आईने त्या दिवसापासून बोलणं जवळजवळ बंद केलं, आणि पुन्हा बोलू लागली तेव्हा तिचे ण आणि ळ आत्यापेक्षा स्वच्छ होते. ही गोष्ट मला बाबांनी सांगितली. आईची माहेरची बोली मी कधी ऐकलीच नव्हती.

तिकडची सकाळ म्हणजे आमची दुपार, त्यामुळे माझे तास जेवणानंतर असायचे. तिथेही शाळेत घरची बोली बोललं की मुलांच्या हातावर चामड्याचा पट्टा बसायचा, हे मी त्या तासांना शिकले. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला एक जुनं ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायला दिलं. माझ्या वाट्याला समुद्राकाठच्या गावातली एक म्हातारी आली. ती मासे खारवण्याबद्दल सांगत होती. सांगता सांगता थांबली, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "कम अवा बेन." आत ये. बेन म्हणजे घरातली आतली खोली. मग बराच वेळ काहीच नाही. मग ती कुणाला तरी उत्तर दिल्यासारखं हसली आणि पुन्हा माशांवर आली. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं, खोलीत ध्वनिमुद्रण करणाऱ्याशिवाय कोणी नव्हतं.

शब्द नीट लागावा म्हणून मी तो तुकडा पुनःपुन्हा लावत होते. आई चहा घेऊन आली आणि कप हातातच धरून उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं.

"कुणाला बोलावतेय ही?" तिने विचारलं.

माहीत नाही म्हटलं. तिथे कोणी नव्हतं म्हणे.

"असं कसं? थांबलीय ना ती. समोरचं बोलतंय, म्हणून थांबलीय."

मग तिने पलंगावर बसून सांगितलं. तिची धाकटी बहीण गावच्या तलावात बुडाली होती. तिला अशी बहीण होती हेही मला ठाऊक नव्हतं. आजी नंतर रोज उंबऱ्यात उभी राहून तिला जेवायला हाक मारायची, थोडं थांबायची, आणि मग ताट वाढायची. ती हाक कशी असायची, मी विचारलं. आईने तोंड उघडलं आणि जो आवाज आला तो मी ओळखला नाही.

"ये वो बाई, घरात ये. भात थंडा होऊन रायला."

त्या दुपारनंतर तो आवाज घरात राहिला. माझ्याशी, दूधवाल्याशी आई पूर्वीसारखीच बोलायची. पण मी तासाला बसले की स्वयंपाकघरातून ती दुसरी बोली ऐकू यायची. काहून, मले, नोको. मध्ये मध्ये ती थांबायची, आणि त्या थांबण्याची लांबी बोलणं ऐकून घेण्याइतकी असायची. एकदा मी उठून दारापर्यंत गेले. आई पाठमोरी, ताक घुसळत होती. ती हसली, तशीच, ध्वनिमुद्रणातल्यासारखी. मी परत येऊन हेडफोन लावला.

प्रबंध याच विरामांवर लिहायचं मी ठरवलं. मार्गदर्शक बाईंना ते पटलं, फक्त त्या म्हणाल्या की विरामाचं कारण सिद्ध करता येणार नाही. ते मला करायचंच नव्हतं. आईचा आवाज तेवढा ध्वनिमुद्रित करून ठेवायचा होता. मी फोन तिच्यासमोर ठेवला, तर तिने तो उलटा केला आणि प्रथमच त्या बोलीत माझ्याशी बोलली.

"मी गेल्यावर मले हाका मारत बसशीन काय? नोको."

मी पुन्हा विचारलं नाही. पदवीचा कागद आला तेव्हा तिने तो देवापुढे ठेवला. त्याच हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापात ती गेली.

तेराव्यानंतर खालच्या मजल्यावरच्या बाई भेटायला आल्या. एरवी जिन्यात चप्पल वाजली तरी बोलून दाखवणाऱ्या, पण त्या दिवशी आईच्या फोटोपुढे हात जोडून बसल्या. आईंचं मराठी किती शुद्ध होतं, एवढंच म्हणाल्या. उठताना दारात थांबल्या.

"अहो, एक विचारू? त्या दुसऱ्या बाई होत्या ना तुमच्याकडे, गावाकडच्या. दुपारच्या आईंशी बोलत बसायच्या, खाली ऐकू यायचं. त्यांना कळवलंत का?"

मी हो म्हणाले. त्या जिना उतरून गेल्या. मी दार लावलं नाही, बराच वेळ ते तसंच उघडं राहिलं.