पातेल्यापाशी बसून पाहिलेला अजिंठा

शाळेची सहल म्हटलं की माझ्या कपाळाला आपोआप आठ्या पडतात. पोरं मोजत फिरायचं, त्यांच्या उलट्या आवरायच्या आणि वर हसतमुखानं इतिहास शिकवायचा. बदली होऊन मी पिंगळीच्या शाळेत आले आणि पहिल्याच महिन्यात सहल निघाली. मुख्याध्यापक बन्सीधर सर म्हणाले, "मॅडम, काळजी करू नका. कुसुमबाई सोबत आहेत. वेरूळ, अजिंठा, सगळं त्यांनी पालथं घातलंय."

कुसुमबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. साठीला टेकलेल्या, अंगानं एवढ्याशा, आवाज मात्र शाळेच्या घंटेला भारी. सहल कुठंही जावो, शेगडी आणि पातेलं घेऊन त्या बसमध्ये पहिल्या सीटवर. जिंतूरच्या वाटेवर मी सहज विचारलं, "मावशी, अजिंठ्याचा तो निजलेला बुद्ध कसा आहे हो? माझा राहूनच गेलाय."

झालं, बाई रंगात आल्या.

"लय मोठा, मॅडम. ह्या बसवाणी लांब. उशीवर डोकं, डोळे मिटलेले. खाली बसलेली मान्सं रडायलीत, अन् ह्येचा चेहरा कसा, तर कामावरून येऊन निवांत पडल्यागत."

मला त्यांचा चक्क हेवा वाटला.

जिंतूर तालुक्यातल्या एका जुन्या दगडी देवळापाशी आम्ही उतरलो. पोरं आत पळाली, कुसुमबाईंनी बाहेर लिंबाखाली शेगडी मांडली. तासाभरानं पोरं भुकेनं कासावीस होऊन बाहेर आली, तर पातेल्यापाशी नाकाबंदी. ताट पुढं केलं की बाई विचारायच्या, "काय बघितलं? सांग, मग घे." एक पोरगी म्हणाली, दगडाची बाई आरशात बघायलीय. दुसरी म्हणाली, माकड एका बाईचं लुगडं ओढायलंय. तिसऱ्यानं छतातलं कमळ दोन्ही हातांची बोटं फाकवून दाखवलं. बाई प्रत्येकाचं कान देऊन ऐकत होत्या, खोदून खोदून विचारत होत्या आणि मगच पळी उचलत होत्या.

"तुम्हीही एक चक्कर मारून या ना," मी म्हटलं.

"पातेल्यापाशी कोन बसंल?"

"अजिंठ्याला कोण बसलं होतं?"

पळी थांबली. बाईंनी उरलेली ताटं भराभरा वाढून पोरं पांगवली.

"मीच की," मग त्या हळूच म्हणाल्या. "वानरं लय हायेत तिथं. हलायची सोय न्हाई. दर बारीला खालीच बसले. लेकरं येऊन सांगायची, मी ऐकायची."

"मग सगळ्यांना पाहिलं म्हणून का सांगता?"

"सगळ्यायला न्हाई, मॅडम. मालकाला सांगितलं. ते सगळ्यायला सांगत बसले."

त्यांचे मालक सिद्धोधन बांधकामावर सेंट्रिंगचं काम करताना पडले आणि कमरेतून गेले. पुढची सगळी वर्षं खाटेवर. अजिंठ्याचा बुद्ध बघायची त्यांची फार इच्छा. सहल निघाली की म्हणायचे, माज्या वाटचं बी बघून ये. बाई परत आल्या की भिंतीला टेकून ऐकायला बसायचे.

"अशा मान्साला वानरं हाकीत बसले म्हनून कसं सांगावं?" कुसुमबाई म्हणाल्या. "लेकरायनं सांगितलं तेच सांगितलं. परवाच्या साली गेले ते. आता मनाला लागून ऱ्हातं. लेकरंच ती, कायबी सांगतेत. मालकायनं मनात जो बुद्ध धरला, तो खोटाच असंल तर?"

मी त्यांच्या हातातली पळी ओढून घेतली. "उठा. पोरांनी सांगितलेलं एकेक स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. वानरं आली तर मी आहे."

त्या नको नको म्हणाल्या, दोनदा मागं वळल्या, शेवटी पायरीशी चपला काढून आत गेल्या. इकडं वानर एकही आलं नाही, पण मी खिचडी बुडाला लावली. वास सगळ्या सहलीला गेला.

त्या बाहेर आल्या तेव्हा पोरं आणखी वाढून घ्यायला जमली होती. मी बाईंसाठी ताट भरायला घेतलं, तर मघाची पोरगी आडवी झाली. "मावशी, काय बघितलं? सांगा, मग घ्या."

पोरं खिदळली. कुसुमबाई हसल्या नाहीत.

"आरसा हाय," त्या म्हणाल्या. "माकड हाय. कमळ बी हाय, तू बोटं केलतीस तसंच." त्यांनी त्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं वळल्या. "लेकरं खरं सांगतेत, मॅडम."

तसं पाहिलं तर ती पोरं वेगळी, ही वेगळी. ते लेणं वेगळं, हे देऊळ वेगळं. एरवी असल्या बोलण्यात मी लगेच खोट काढते. त्या दिवशी तोंड मिटून ताट पुढं केलं. त्यांनी करपलेल्या खिचडीचा घास घेतला, नावं ठेवली नाहीत, आणि सावकाश चावत म्हणाल्या,

"म्हंजी आमच्या मालकायनं अजिंठा बघितलाय."