डाव्या हाताची सुरी

एकोणीसशे शहाण्णव साल. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि तोवर भेटलेल्या माणसांत चांदीपच्या आमच्या लोहारमेव्हण्याइतका अडेल माणूस मी दुसरा पाहिला नव्हता. आरशात पाहिला असेल तर तो वेगळा. मेव्हणा म्हणजे सख्खा नव्हे. माझी बायको चांदीपची, आणि त्या गावात पाटलापासून लोहारापर्यंत सगळे तिचे दादा, त्यामुळे लग्नाच्या दिवशीच हा मेव्हणा माझ्या पदरात पडला. विरारहून एस.टी.नं चांदीपला उतरलं की रस्त्याकडेला चिंचेखाली त्याची भट्टी होती. माणूस काटकुळा, मनगटं मात्र उसनी आणल्यासारखी जाड. भट्टीच्या झळेनं भुवया कधीच जळून गेलेल्या, त्यामुळे चेहरा कायम आश्चर्य वाटल्यासारखा. पण या माणसाला खरोखर कशाचं आश्चर्य वाटलेलं मी पुऱ्या आयुष्यात एकदाच पाहिलं. ते पुढे येईल.

तो माणसाचं तोंड बघत नसे, हात बघे. गिऱ्हाईक आलं की रामराम नाही, बस नाही, आधी "हात बगू." मग तळवा उलटासुलटा करून, गाठी चाचपून, काय हत्यार द्यायचं ते तोच ठरवणार. नालासोपाऱ्याच्या नव्या बिल्डिंगीतले एक साहेब एकदा स्कूटरवरून आले. गॅलरीत कुंड्या लावल्या होत्या, त्यांना झकास सुरी हवी होती. यानं त्यांचा हात पाहिला आणि अगदी मायेनं परत दिला. म्हणाला, "साहेब, लोखंड लाजंल हो. बाजारातनं घ्या." साहेब लाल होऊन गेले. वर्षभरानं तेच साहेब तळहातावरचे फोड दाखवायला परत आले, तर यानं त्यांना पाटावर बसवून चहा पाजला आणि अशी सुरी करून दिली की साहेब ती वर्तमानपत्रात गुंडाळून, छातीशी धरून घेऊन गेले. तोंडं मात्र त्याच्या लक्षात राहत नसत. भर लग्नात तो मला ओळखत नसे. पंगतीत मी भात कालवायला लागलो की पलीकडून ओरडे, "अरे, भावजी आले वाटतं!"

दुसरं म्हणजे, लोखंड तापलेलं असताना तो बोलत नसे आणि कोणाला बोलू देत नसे. बोललं की धार बहिरी होते, असं त्याचं म्हणणं. धार बहिरी होते म्हणजे काय होते, हे विचारायचं तर लोखंड निवेपर्यंत थांबायला हवं, आणि तोवर तो दुसरं तापायला घाली. पुतण्यानं विजेवर फिरणारं सहाणेचं चाक आणून दिलं होतं. ते एकदा चालवलं, "हे लई बोंबलतं" म्हणाला, आणि त्यावर गोणपाट टाकून कोंबडी अंड्यावर बसवली. आणि घडवलेलं हत्यार तो त्याच दिवशी कधीच देत नसे. एक रात्र ते भट्टीपाशी निजलं पाहिजे, सकाळी मालकानं यावं आणि उजवा तळवा पुढे करून घ्यावं. "रात्रीत त्याचा राग उतरतो," म्हणे.

त्या उजव्या तळव्यापाशीच आमचं बिनसलं होतं. मी जन्माचा डावखुरा. चौथीत डाव्या हातानं पाटीवर लिहितो म्हणून मास्तरांनी त्याच हातावर छड्या मारल्या. म्हणाले, हा हात काही कामाचा नाही. मी पाटी तिथेच ठेवली आणि जो घरी आलो तो पुन्हा गेलो नाही. पण गास गावात आमची केळीची वाडी. वाडीत काम हातालाच, आणि घडाच्या दांड्यावरून केळ्यांची फणी उतरवायची तर सुरी एका बाजूनं सपाट आणि एका बाजूला उताराची लागते. तो उतार उजव्या हाताचा. तीच सुरी डाव्या हातात धरली की पातं आत वळतं आणि केळ्याला चाटून जातं. डागी केळं व्यापारी वेगळं काढतो आणि वर विचारतो, "काका, उंदीर लागलेत काय वाडीला?" हे मी चाळीस वर्षं ऐकलं. आणि दर दोन-तीन वर्षांनी चांदीपला जाऊन म्हणायचो, मेव्हणे, डाव्या हाताची एक सुरी करून द्या. आणि दर वेळी एकच उत्तर, "नाय जमनार."

त्या साली होळीनंतर मी गेलो, तर भट्टीपाशी विळे घेऊन सात-आठ माणसं बसलेली. मी विचारलं, त्यानं नाही म्हटलं. मी म्हटलं, "येत नाही म्हणा ना सरळ!" त्यानं सांडशी खाली ठेवली.

"भावजी, ज्या हातानं कापायचं त्या हातानं ठोकावं लागतं. मी उजवा. मी ठोकली तर ती उजवीच होनार, वरनं कशी बी दिसूं दे. तुमची सुरी तुमीच घडवा."

सगळे हसले. मला वाटलं, माझी टर उडवली. मी सगळ्यांदेखत बोलून बसलो, की गणपतीचा लोंगर, म्हणजे केळ्यांचा अख्खा घड, माझ्या डाव्या हातानं, मी घडवलेल्या सुरीनं उतरवीन, एका केळ्याला डाग न लावता. नाही जमलं तर हा हात खिशात घालीन आणि मरेपर्यंत उजव्यानं कापीन. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, खिशात कसा घालनार? तुमच्या सदऱ्याला खिसा उजवीकडं हाय." पण रात्री तिनं पाहिलं असणार, मी तो हात उशाखाली घेऊन झोपलो होतो. मास्तरांचं बोलणं खरं ठरायला आता पाच महिने उरले होते.

आठवड्यातून एक दिवस मी चांदीपला जाऊ लागलो. तेव्हा कळलं, की त्यानं टर उडवली नव्हती. मी पोचलो तर ऐरणीचा ओंडका उकरून, फिरवून, नव्यानं पुरलेला. पाण्याचं पिंप उजवीकडून डावीकडे. बापाच्या काळापासून जे हललं नव्हतं ते यानं माझ्यासाठी हलवलं होतं, आणि आठवड्यातला तो एक दिवस स्वतः उलट्या भट्टीत धडपडत होता. पहिला महिना नुसता भाता ओढायला लावला. मग हायवेच्या भंगारातून ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणला, त्याचा तुकडा तोडला आणि हातोडा माझ्या डाव्या हातात दिला. पहिल्या ठोक्याला तुकडा सांडशीतून उडून चिंचेच्या मुळात जाऊन बसला. दुसऱ्याला माझा अंगठा. तो काही बोलला नाही, लोखंड तापलेलं होतं. मी मात्र बोललो, आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पण सुरी झाली! आषाढ संपता संपता झाली. घरची जुनी सुरी शेजारी ठेवून मी तीन आठवडे कानशीनं उतार घासला, तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे पातं कडक केलं, शिवणीच्या लाकडाची मूठ बसवली. बसलेल्या सगळ्या माणसांनी पाहिलं. मी घरून आणलेला घडाचा तुकडा पुढे घेतला, डाव्या हातात सुरी धरली, छाती काढली आणि कापलं. पातं आत वळलं आणि केळ्याला उभं चाटून गेलं.

पुन्हा कापलं. पुन्हा तेच. मी सुरी उलटीसुलटी करून पाहिली. उतार उजव्या हाताचा होता! जुनी सुरी समोर ठेवून मी तिची हुबेहूब नक्कल केली होती. चाळीस वर्षं जिच्या नावानं बोटं मोडली, तीच मी माझ्या डाव्या हातानं जन्माला घातली.

लोहारमेव्हणा इतका हसला, की त्याला खोकला लागला आणि बायकांनी घरातून पाणी आणलं. मी म्हटलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं!"

"दिसत व्हतं तर! पन लोखंड तापलेलं व्हतं ना!"

"तीन आठवडे तापलेलं होतं?"

"भावजी," डोळे पुसत तो म्हणाला, "सांगून केली असती तर ती माझी झाली असती." मग त्यानं ती सुरी माझ्या हातातून काढून घेतली, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि पाट्याचा दुसरा तुकडा माझ्यापुढे टाकला. "ही हितं राहू दे. दुसरी घ्या."

दुसऱ्या वेळी घरची सुरी मी घरीच ठेवली. समोर नक्कल करायला काही नव्हतं, फक्त हात होता. हात जिकडे जाईल तिकडे उतार गेला. शेवटचं काम पात्यावर रंग चढवायचं. कडक झालेलं पातं पुन्हा हलकं तापवायचं आणि धारेवर पिवळा रंग आला की लगेच काढायचं. जरा उशीर झाला तर धार मऊ, लवकर काढलं तर टवका उडतो. तो माझ्याकडे बघत उभा. मी पात्याकडे. आणि मला एकदम कळलं, की हा रंग मला कोणी शिकवायची गरज नाही. हिरवेपणा सोडून राजेळी केळं पहिल्यांदा पिवळं धरतं, अगदी तो! आयुष्यभर मी तोच ओळखत आलो होतो. मी पातं काढलं. त्यानं जवळ येऊन पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशी त्याच्या तोंडावरचं आश्चर्य खरं होतं. "हे कुनी सांगितलं तुमाला?" त्यानं विचारलं. लोखंड अजून गरम होतं. मी उत्तर दिलं नाही.

गणपतीला दोन दिवस उरले होते. सुरी त्याच्याकडे निजली, मी घरी जागा राहिलो.

आता तो नाही. चिंचेखाली पत्र्याचं दुकान झालंय, टायरचं पंक्चर काढतात. परवा गेलो होतो, तर ऐरणीच्या खळग्यात पाणी साचलेलं. त्याचं तोंड मला आठवतं, आणि माझं त्याला कधी आठवलं नसेल, याचं हसू येतं.

त्या साली, सुरी निजल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं मी चांदीपला गेलो. सवयीनं उजवा तळवा पुढे केला. त्यानं तो बाजूला सारला, माझा डावा हात ओढून घेतला आणि त्यावर सुरी ठेवली. मी तसाच गासला परत आलो, लोंगर उतरवला, बायकोदेखत एकेक फणी सोडवली. नऊ फण्या. एका केळ्याला डाग नाही. बायकोनं प्रत्येक केळं फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "दादाला नेऊन द्या, जा." दुपारच्या आत मी पुन्हा त्याच्या भट्टीत उभा होतो. फणी पुढे केली, आणि केल्यावर लक्षात आलं, की डाव्या हातानं केली. देताना डावा हात कोणी पुढे करत नाही. मी हात मागे घेणार, तोच त्यानं आपला डावा हात पुढे केला आणि फणी घेतली. मग खिळ्यावरची माझी ती उजव्या उताराची फसलेली सुरी काढून उजव्या हातात धरली, एक केळं देठापासून अलगद वेगळं केलं, आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "बरी कापते."