उत्तरासाठी सोडलेली जागा

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावातल्या चर्चचे पाळक होते. तरुणपणी ते थोडी हिब्रू शिकले होते आणि निवृत्त झाल्यावर त्यांना तिचाच नाद लागला. मी बहारीनला एका कंपनीत अकाउंटंट होतो. सत्तरच्या दशकात तिथे मनामाच्या बाजारात टेपरेकॉर्डर स्वस्त मिळत. एका रजेत मी त्यांना एक नेऊन दिला, तेव्हापासून ते पत्राऐवजी कॅसेट पाठवू लागले. रजेवरून परतणारं कोणीतरी ती घेऊन यायचं. मी ऐकायचो, तिच्यावरच माझा निरोप भरायचो आणि जाणाऱ्या कोणाबरोबर परत पाठवायचो. बाबांचं मागचं बोलणं दर वेळी पुसलं जाई. त्यात काही वाटायचं नाही, सगळेच तसं करत.

"सलाम, लेकरा" अशी, आम्हा ख्रिस्ती घरांतल्या रिवाजाने, सुरुवात व्हायची. मग शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एखादा हिब्रू शब्द घेऊन बाबा त्यावर बोलत. शुक्रवारी सुट्टी असे. त्या दिवशी काही मराठी ख्रिस्ती कुटुंबं उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटवर प्रार्थनेला जमायची. त्यांना मी तेवढा शब्दाचा भाग ऐकवायचो. तो संपला की बाबा एकदम घरगुती आवाजात विचारायला लागत, "झोप लागते का रे? पाठीचं कसं आहे?" आणि प्रत्येक प्रश्नानंतर थांबत, जणू मी समोरच्याच खुर्चीत बसलोय. चारचौघांत मला ओशाळवाणं व्हायचं. मी टेप बंद करायचो.

"अहो, ऐकू द्या की," एक मावशी एकदा म्हणाल्या, "आमचे बाप तर मेलात की जगलात हेसुद्धा विचारत नाहीत."

सगळे हसले. मीही हसलो आणि चहाला उठलो. उरलेलं मागाहून एकटा ऐकायचो, पण घाईत. आणि त्या सगळ्या प्रश्नांना मिळून उत्तर एकच भरायचो, "इकडे बरं आहे, बाबा."

ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात तार आली. बाबा गेले होते. पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात अडकलेला. साहेब म्हणाले, "इंशाल्ला, परवा." परवापर्यंत तिकडे मातीही देऊन झाली. मग मीच म्हणालो, आता जाऊन काय करायचं? कंपनीने सोडलं नाही असं मी पुढे लोकांना सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे.

काही दिवसांनी बाजारात कळलं की ओळखीचा एक रत्नागिरीचा ड्रायव्हर रजेवरून परतलाय आणि त्याच्याकडे बाबांची कॅसेट आहे. तो जिदहफ्सला राहायचा. गाडीने फार लांब नव्हतं. मी गेलो नाही. आज शिफ्ट लांबली, उद्या ऑडिट, असं करत हिवाळा आला. खरं कारण भीती. ती कॅसेट ऐकली नाही तोवर बाबांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, तुमच्या वडिलांचा आवाज परक्याच्या खोलीत पडून आहे. जाऊन आणा, नाहीतर मी जाते."

ड्रायव्हरने मला दारात पाहिलं आणि आधी कॅसेट ठेवलेला पत्र्याचा डबा खाली काढला.

"काय साहेब, आलात एकदाचे! मला वाटलं, ही आता माझ्या पोरीच्या लग्नात आहेर म्हणून द्यायची. रूममधला एक जण हिच्यावर कव्वाली भरायला मागत होता. म्हटलं, हात लावून तर बघ."

"तुम्ही येऊन दिली असतीत..."

"तुमच्याकडे दुखवटा. त्यात मी जाऊन हातात काय ठेवणार, हा घ्या वडिलांचा आवाज? म्हटलं, विचारत येतील तेव्हा देऊ."

त्याने कॅसेट पुसून दिली. बाबा ती द्यायला स्वतः एसटीने मुंबईला आले होते, हे मला तेव्हाच कळलं.

"हात सोडीनात माझा. मुलगा बारीक झालाय का, विचारत होते."

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? तुम्हाला बघून मला वर्ष झालं होतं. म्हटलं, बरे आहेत. तेवढ्यावर खूश झाले बिचारे."

घरी आल्यावर आवाज नीट ऐकू यावा म्हणून एसी बंद केला. बायको शेजारी बसली.

त्या वेळचा शब्द होता 'दाराश'. शोधणे. बाबा सांगत होते की हिब्रूत शोधण्याला आणखी एक शब्द आहे, 'बिक्केश'. पुढे राजा झालेला शौल बापाची हरवलेली गाढवं शोधत फिरला, तिथे तो येतो. दोन्ही शब्द एकमेकांच्या अंगणात जातात, मधे भिंत नाही. पण दाराशमध्ये उठून कोणाकडे तरी जाणं आणि विचारणं आहे. रिबेकेच्या पोटात जुळी झगडू लागली, तेव्हा ती देवाला विचारायला गेली, तिथे दाराश. आज्ञा आहे, चुकलेला बैल घरी सांभाळ, तुझा भाऊ त्याची चौकशी करत येईपर्यंत, तिथेही दाराश. आणि स्तोत्रातला, गुहेत लपलेला माणूस म्हणतो की माझ्या जिवाची विचारपूस करणारं कोणी उरलं नाही, तिथेही हाच शब्द.

"अरबीतला मदरसा याच्याच नात्यातला म्हणतात," बाबा म्हणाले. "तुझ्याकडच्या कोणाला तरी विचारून कळव."

मग आवाज बदलला. माझा हात सवयीने बटणाकडे गेला. बायकोने तो धरला.

"झोप लागते का रे?"

मी म्हणालो, "नाही, बाबा. तुम्ही गेल्यापासून..."

"पाठ कशी आहे?"

मी टेप मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यांचा पुढचा प्रश्न आला. माझ्या उत्तरांना किती जागा लागते हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं होतं. तेवढीच त्यांनी सोडली होती.

शेवटचा प्रश्न होता, "आणि तू? तुझं बरं चाललंय ना?"

"बरं आहे, बाबा," मी म्हणालो.

ते बरोबर मावलं.

"छान," बाबा म्हणाले. "देवाची कृपा."